लाटा फुटत नाहीत, तिथे उतरू नका

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही सात-आठ जण दापोलीकडे गेलो होतो. पुळणीवर गर्दी नव्हती. एका बाजूला लाटा जोरात फुटत होत्या, पण मध्येच वीस-पंचवीस पावलांचा एक पट्टा असा होता की तिथे पाणी अगदी निवांत. मुलं बरोबर होती म्हणून आम्ही त्या निवांत पाण्यात उतरलो. तेवढ्यात जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा ओरडत धावत आले आणि आम्हाला बाहेर काढून म्हणाले, "डुंबायचंच असेल तर तिकडं लाटांत जा, गुडघाभर पाण्यात. इथं पाण्याला ओढ आहे." आम्ही ऐकलं, पण कोडं अजून सुटलेलं नाही. शांत पाणी धोक्याचं आणि लाटांचं पाणी बरं, हे कसं? (एक वाचक, कराड)

उत्तर : त्या आजोबांचं ऐकलंत, फार चांगलं केलंत. ते ज्याला ओढ म्हणाले तो लाटांच्या पाण्याचा परतीचा प्रवाह. अमेरिकेतल्या जीवरक्षकांच्या संघटनेचा अंदाज असा आहे की, लाटांच्या किनाऱ्यावर त्यांना ज्या सुटका कराव्या लागतात, त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक या एकाच कारणामुळे असतात. आपल्याकडे दर सुट्टीत 'समुद्रस्नानाचा मोह जिवावर बेतला' अशा मथळ्याच्या बातम्या येतात. मोह वगैरे बाजूला ठेवून पाणी नेमकं काय करत होतं हे पाहिलं, तर पुष्कळदा ही ओढच निघेल.

लाट फुटते तेव्हा नुसता फेस पुढे येत नाही, सगळं पाणीच किनाऱ्याकडे ढकललं जातं. एकामागून एक लाटा येत राहतात आणि किनाऱ्यालगत पाणी साठत जातं. ते परत जायला तर हवं. आता पुळणीपासून थोडं आत, पाण्याखाली, बहुतेक ठिकाणी वाळूचा दांडा असतो. लाटा फुटतात त्या या दांड्यावर, कारण तिथे पाणी उथळ असतं. साठलेलं पाणी दांडा ओलांडून परत जाऊ शकत नाही, कारण समोरून लाटा येतच असतात. मग ते किनाऱ्याला समांतर वाहत दांड्यातली खाच शोधतं आणि कौलांवरचा पाऊस पन्हळीत एकवटावा तसं त्या खाचेतून वेगाने समुद्राकडे निघतं. खाचेत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. लाट फुटत नाही, म्हणून वरून बघणाऱ्याला तो पट्टा शांत दिसतो. तुम्ही मुलांसाठी निवडलात तो नेमका हाच पट्टा. तुमच्या जागी दुसरा कुणी काळजीवाहू पालक असता तरी त्याने तोच निवडला असता, कारण आपल्याला लाटेची भीती वाटते, पाण्याखालच्या खाचेची वाटत नाही. ती दिसतच नाही.

ती ओळखता मात्र येते. पाण्यात पाय घालण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. जमलं तर सुरूच्या बनाजवळच्या एखाद्या उंचवट्यावरून. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांची रांग कुठे तुटते का, ते पाहा. तुटलेल्या जागी पाण्याचा रंग बाजूपेक्षा गडद असतो, किंवा वाळू उचलली गेल्यामुळे गढूळ असतो. तिथला पृष्ठभाग बारीक चुरगळल्यासारखा दिसतो. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे फेस. बाकी सगळीकडे फेस तुमच्याकडे येत असताना एका जागी तो, एखाद्या काटकीला किंवा पानाला घेऊन, तुमच्यापासून दूर आत चाललेला दिसला, तर शंकेला जागा नाही. ऑस्ट्रेलियात रॉब ब्रँडर नावाचे एक प्राध्यापक आहेत. ते अशा शांत दिसणाऱ्या पाण्यात जांभळा रंग सोडून लोकांना दाखवतात. बघता बघता तो रंग लाटांच्या पलीकडे पोचतो. त्यांचे व्हिडिओ सहलीच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावेत, अशी माझी शिफारस आहे. दहा सूचनाफलक वाचून कळणार नाही ते तिथे मिनिटभरात कळतं.

या ओढीचा वेग किती? बहुतेकदा सेकंदाला फूट-दोन फूट. ऐकायला कमी वाटतो. पण लाटा मोठ्या असतील तेव्हा तो सेकंदाला आठ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २.४ मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानले याने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. त्याचा वेग सेकंदाला साधारण २.१५ मीटर पडतो. तेव्हा जोराच्या ओढीच्या तोंडावर सरळ पोहून किनारा गाठणं त्यालाही जमणार नाही. तुम्हा-आम्हाला तर साध्या ओढीतही काही मिनिटांत दम लागतो.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. आणि बाहेर, लाटांच्या रेषेपलीकडे थोड्या अंतरावर, तिचा जोर संपतो. माणूस बुडतो तो घाबरून किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, हातपाय मारून थकल्यामुळे. म्हणून सापडलात तर पहिलं काम तरंगत राहण्याचं. पाठीवर पडा, तोंड वर ठेवा, श्वास आवरा. एक हात वर करून हाक द्या. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला पोहा. तिथे दांडा आहे, पाणी उथळ आहे आणि लाटाच तुम्हाला आत आणतील. आजोबांनी तुम्हाला लाटांकडे पाठवलं त्यामागचं कारण हेच. पुष्कळ ओढी गोल फिरून तरंगणाऱ्याला पुन्हा उथळ पाण्याकडे आणतात, हेही संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. त्यामुळे पोहता येत नसेल त्यानेही तरंगत राहण्यावर भिस्त ठेवावी.

मुलांच्या बाबतीत आणखी एक सांगतो. खाचेकडे निघालेलं पाणी आधी किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत असतं आणि ते घोटाभर पाण्यातही जाणवतं. तुम्ही चपला जिथे काढल्या असतील, त्यांच्याकडे अधूनमधून बघत जा. पाच मिनिटांनी चपला समोर न दिसता डावी-उजवीकडे दूर गेलेल्या दिसल्या, तर पाणी तुम्हाला नकळत सरकवतं आहे. मुलांना घेऊन बाहेर या आणि चालत पुन्हा पहिल्या जागी जा. जिथे सरकत चालला होतात, तिकडे पुढे बहुधा ती खाच असते.

आता तुम्ही विचाराल की पुढच्या वेळी तोच पट्टा टाळला म्हणजे झालं ना? नाही. ही खाच कायमची नसते. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात, पावसाळ्यानंतरच्या शांत महिन्यांत ती हळूहळू परत येते. या ये-जा करण्यात दांडे सरकतात, खाचा बुजतात, नव्या पडतात. मेमध्ये पाहिलेली पुळण ऑक्टोबरात पाण्याखाली निराळी असते. म्हणून 'आम्ही दर वर्षी इथेच येतो' या भरवशावर कुणी पाण्यात उतरू नये. रोज समुद्राशी गाठ असलेल्या माणसाला विचारावं. किनाऱ्यावर खारवी, गाबीत, कोळी कुणी ना कुणी असतोच. 'दादा, आज ओढ कुठे आहे?' एवढा प्रश्न पुरतो. कुणी कंटाळून उत्तर दिलं नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि तरीही समुद्र अंगावर येतो, असंही घडतं. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळी वारे वाहतात, त्यातून उठलेल्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. २०२४च्या मे महिन्यात अशा लाटांचा इशारा असताना कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे ५ विद्यार्थी वाहून गेले. हे इशारे हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था देते, जिल्हा प्रशासन ते पुढे पाठवतं आणि वर्तमानपत्रांत, बातम्यांत ते येतात. निघण्यापूर्वी हवामानाबरोबर तेवढं बघून घ्यावं.

जिथे नदी किंवा खाडी समुद्राला मिळते, तिथे ओढ शोधत बसण्याची गरजच नाही. ती असणारच. देवबागला कर्लीचं मुख, आंजर्ल्याला जोग नदीचं मुख, अशा ठिकाणी ओहोटीला अख्खी खाडी रिकामी होत असते आणि त्या पाण्यापुढे कुणाचं काही चालत नाही. संगम बघावा, फोटो काढावेत, पाण्यात उतरू नये. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर धोका निराळा आहे. तिथे माणूस पाण्यात जात नाही, भरतीच्या वेळी लाटच कातळावर येऊन त्याला नेते. गावकरी 'भरती आहे, आता जाऊ नका' म्हणाले तर देवाला बाहेरूनच नमस्कार करावा.

प्रश्न : आमच्या आजीचं माहेर श्रीवर्धनकडचं. ती नुसती तिथी विचारून भरती किती वाजता ते सांगायची. हा हिशेब काय असतो? आणि पाण्यात उतरायला भरती बरी की ओहोटी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हिशेब सोपा आहे आणि तो नव्या पिढीने शिकून घ्यावा असा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, नियम तोच. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि तिथीही साधारण दिवसाला एक, म्हणून हे गणित जुळतं. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, शिवाय डहाणू आणि वेंगुर्ला एकाच घटकेला भरत नाहीत. तेव्हा अंदाजाला आजीचा हिशेब आणि नेमक्या वेळेसाठी छापील किंवा मोबाइलवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, असं दोन्ही ठेवावं.

आता हाच नियम पौर्णिमेला किंवा अमावास्येला लावा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी पूर्ण भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. या दिवशी उधाण असतं, पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. मुंबईच्या बाजूला हा चढउतार पाच मीटरच्या घरात जातो, दक्षिणेकडे कमी होत जातो. आता पर्यटकांचं वेळापत्रक बघा. सकाळी पुण्या-मुंबईहून निघायचं, दुपारी मासळीचं जेवण, तीन-चार वाजता पुळणीवर. उधाणाच्या दिवशी ही वेळ भर ओहोटीची आहे. पाणी उतरत असताना दांड्यावर पाणी कमी राहतं, सगळा परतीचा प्रवाह खाचांतच कोंबला जातो आणि ओढ वाढते. शिवाय पाणी मागे गेलं म्हणून लोक त्याच्यामागे आत जातात. म्हणून तुमच्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर असं की, दोन्हींत ओहोटी अधिक वाईट आणि उधाणाची ओहोटी सर्वांत वाईट.

पण याचा अर्थ भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, निर्धोक असा कुणी घेऊ नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पंचांग काढून पाहिलं तर तो दिवस कृष्ण अष्टमीचा होता, भांगाचा. पावसाळा नव्हता, उधाण नव्हतं. तिथीवरून पाण्याची वेळ कळते, पाण्याखालची खाच आणि खड्डा कळत नाही. ती दुर्घटना आठवली की आजही पोटात तुटतं. शाळा-कॉलेजांच्या सहली समुद्राकाठी नेणाऱ्या शिक्षकांनी आधी गावात विचारपूस केल्याशिवाय एकाही मुलाला पाण्यात सोडू नये.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. ओहोटीला ओली वाळू घट्ट लागते म्हणून तिच्यावर गाडी घालणारे काही कमी नाहीत. चाकं रुतली आणि भरती लागली की गाडी जाते ती जातेच, पण ती काढायला धावलेल्या गावकऱ्यांचेही जीव टांगणीला लागतात. गाडी रस्त्यावर ठेवा.

प्रश्न : विहिरीत मुटके मारणारी, नदी पार करणारी माणसंही समुद्रात बुडतात. का? आणि कुणी बुडताना दिसलं तर पोहता येणाऱ्याने उडी घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विहिरीत पाणी एका जागी असतं आणि दमलं की कडा हाताशी असते. नदीला प्रवाह असतो, पण तो एकाच दिशेने वाहतो आणि डोळ्यांना दिसतो. समुद्रात लाट पुढून, ओढ मागून आणि कडेचं पाणी आडवं, असं एकाच वेळी चालू असतं. खाऱ्या पाण्याचा एक घोट घशात गेला की पट्टीचा पोहणाराही गडबडतो. त्यात दारू प्यालेला असेल तर अंदाज, श्वास आणि हातपाय, तिन्ही दगा देतात. गोव्याने २०१९मध्ये कायदा दुरुस्त करून किनाऱ्यांसारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिण्याला एकट्यासाठी २,००० आणि गटासाठी १०,००० रुपये दंड ठेवला, तो योग्यच होता.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण करून हे मांडलं. तोंड पाण्याच्या पातळीला खाली-वर होत असतं, मिळेल तो क्षण श्वास घेण्यात जातो, हाक मारायला हवाच उरत नाही. हात वर हलवता येत नाहीत, ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. मान मागे, केस डोळ्यांवर, शरीर उभं, पाय हलत नाहीत. असं २० ते ६० सेकंद चालतं आणि माणूस खाली जातो. शेजारच्यांना वाटतं, उभा राहून मजा करतोय. म्हणून मुलं पाण्यात असताना मोठ्यांपैकी एकाने फक्त त्यांच्याकडे बघत उभं राहावं, मोबाइल खिशात ठेवून.

उडीचं म्हणाल, तर नको. एकाला वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा, अशा बातम्या आपण किती वाचल्या आहेत! घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी तरंगणारी वस्तू फेका. पाण्याचा वीस लिटरचा रिकामा कॅन झाकण लावून फेकला तर माणसाला सहज तोलतो. गाडीतली स्टेपनीची ट्यूब, थर्माकोलचा खोका, जे असेल ते. दोरी असेल तर उत्तम. त्याच्यावरची नजर हलवू नका, दुसऱ्याला मदतीला पिटाळा. जीवरक्षक नसेल तर होडीवाल्याला हाक द्या. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १५५४ तटरक्षक दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा. हे तीन निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवा.

बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं, हे सगळं बंद करा. त्याने पोटातलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि मोलाचा वेळ वाया जातो. उताणं निजवा, हनुवटी वर करा, श्वास आहे का बघा. नसेल तर बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास असं मदत येईपर्यंत चालू ठेवायचं. हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्याच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगावर हवं आणि त्याचे पट्टे आवळलेले हवेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ आल्यावर उलटली आणि दोघांचा जीव गेला. किनारा दिसायला लागला की जॅकेट सैल करण्याची आपली सवय घातक आहे. आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा बंद असतात, तेव्हा 'थोडं फिरवून आणतो' म्हणणाऱ्याच्या होडीत पैसे देऊनही बसू नका.

शेवटी एक गोष्ट पर्यटकांपेक्षा आपल्या कारभाऱ्यांना सांगायची आहे. गोव्याने २००८मध्ये किनाऱ्यांवर पगारी, प्रशिक्षित जीवरक्षक नेमले. मनोऱ्यावर माणूस, हातात शिट्टी, लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या पट्ट्यात पोहण्याची मुभा आणि लाल झेंडा असेल तिथे मनाई. तिथे आजही दुर्घटना होतात, पण हाक ऐकायला कुणीतरी असतं. महाराष्ट्रात मुंबईच्या चौपाट्यांवर आणि कोकणातल्या काही गावांत जीवरक्षक आहेत, बाकी बराचसा किनारा 'पोहणे धोक्याचे आहे' एवढ्या पाटीवर सोडलेला आहे. समुद्रामुळे ज्या गावांची घरं चालतात, तिथल्या ग्रामपंचायतींनी सुट्ट्यांच्या दिवसांत तरी गावातलीच दोन-चार मुलं प्रशिक्षण देऊन, मानधन देऊन किनाऱ्यावर ठेवावीत. त्या दिवशीची ओहोटीची वेळ खडूने फळ्यावर लिहावी आणि खांबाला एक ट्यूब व लांब दोरी टांगून ठेवावी. याला फार पैसा लागत नाही. तोवर वाचकांना माझं सांगणं एवढंच की, जिथे जीवरक्षक नाही तिथे गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका.